हेमंतातील सायकलस्वार आणि अर्धशक्तीचे माप

मार्गशीर्ष लागला की पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात सायकलींच्या दिव्यांच्या रांगा दिसू लागतात. बँकेत, कारखान्यात, संगणक कंपनीत किंवा शाळेत दिवसभर काम करणारी, बहुधा तिशी-चाळिशीतील ही माणसे स्पर्धेच्या तयारीला निघालेली असतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाचे लक्ष या क्रीडाप्रकाराकडे वळण्यास अशा पराक्रमांचा हातभार लागला आहे. व्यायामाचा इतका उत्साह समाजात निर्माण व्हावा, ही स्वागतार्हच गोष्ट होय.

यांपैकी अनेकजण आपल्या चिकित्सालयाची पायरीही चढतात. गुडघेदुखी, कटिशूल, हातांच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या, हटता न हटणारा कोरडा खोकला, तुटक झोप अशा तक्रारी घेऊन ते येतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, थंडीत सायकल किती चालवावी?"

या प्रश्नाला आपल्या व्यवसायबंधूंकडून सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, हेमंत आणि शिशिर हे उत्तम बलाचे ऋतू आहेत, अग्नी प्रदीप्त असतो, तेव्हा हवी तेवढी चालवा. दुसरे असे की, शास्त्राने व्यायाम अर्धशक्तीने करावयास सांगितला आहे, स्पर्धा हे साहस होय, सबब सायकल बंद करा. दोन्ही उत्तरांना ग्रंथाधार आहे आणि तरीही दोन्ही अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या उत्तराने रुग्ण आजारी पडतो, दुसऱ्याने तो आपल्याकडे येणे थांबवतो. मग त्याचा सल्लागार उरतो तो एखादा परदेशी तक्ता किंवा सायकलगटातील एखादा उत्साही मित्र. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

ऋतू येथील, कार्यक्रम तेथील

सायकल शर्यतीचे प्रशिक्षणशास्त्र मुख्यतः युरोप आणि अमेरिकेत वाढले. तेथे रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम स्थूलमानाने मार्च ते ऑक्टोबर असतो. हिवाळ्यात बर्फ, पाऊस आणि आखूड दिवस यांमुळे शर्यती थांबतात. त्या काळात शरीर घडवून ठेवावे, यासाठी तेथील सायकलपटूंनी नाना उपाय योजले. चिखल, शेते आणि पायवाटा यांतून सायकल चालवण्याचा, प्रसंगी ती खांद्यावर घेऊन पळण्याचा 'सायक्लोक्रॉस' हा प्रकार फ्रान्समध्ये अशाच गरजेतून रुजला आणि त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये सुरू झाली. पुढे घरात बसवण्याची स्थिर सायकलयंत्रे आली. हिवाळ्यात दीर्घ परंतु सौम्य सराव करून पाया घालावयाचा, वसंतात तीव्रता वाढवावयाची आणि ग्रीष्मात शर्यती करावयाच्या, ही त्या देशांतील वार्षिक आखणी. तेथील हवामानाला ती अनुरूप आहे.

आपल्याकडे मात्र चित्र नेमके उलटे आहे. पुण्याहून गोव्याला जाणारी, सहाशे किलोमीटरहून अधिक अंतराची 'डेक्कन क्लिफहँगर' नोव्हेंबरच्या सुमारास होते. २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत जानेवारीत झाली. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' या वस्तुतः शर्यती नव्हेत. त्या अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पूर्ण करावयाच्या असतात. परंतु शर्यतीत उतरणारे हौशी स्पर्धक तयारी म्हणून त्यांतही भाग घेतात आणि आल्हाददायक हवेमुळे त्यांची गर्दी हिवाळ्यातच असते. म्हणजे आपल्या स्पर्धकाचा हिवाळा हा एकाच वेळी सरावाचा, कसोटीचा आणि शर्यतीचाही काळ असतो. अशा माणसाने परदेशी तक्ता समोर ठेवून हिवाळ्यात पायाभरणीचे दीर्घ तास भरावयाचे आणि त्याच आठवड्यांत शर्यतीही करावयाच्या, हा दुहेरी भार होय. चिकित्सालयात दिसणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या दुहेरी भारात आहे.

ऋतुचर्येच्या दृष्टीने येथे आणखी एक पेच आहे. विसर्गकाळात वर्षा ऋतूत बल सर्वांत अल्प, शरदात मध्यम आणि हेमंतात उत्तम असते. आदानकाळात शिशिरात उत्तम, वसंतात मध्यम आणि ग्रीष्मात अल्प. नोव्हेंबरमधील साहसी शर्यतीसाठी कंबर कसणारा स्पर्धक सर्वांत कठोर सराव केव्हा करतो? भाद्रपद-आश्विनात, म्हणजे वर्षा संपून शरद लागताना, पित्तप्रकोपाच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या उन्हात. शर्यतीचा दिवस उत्तम बलाच्या उंबरठ्यावर येतो खरा, पण तयारीचा काळ अल्प ते मध्यम बलाचा असतो. शरीर थकवून तो हेमंतात प्रवेश करतो आणि ज्या ऋतूत बल साठवावयाचे त्या ऋतूत ते खर्चून बसतो.

यास्तव प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की, हौशी स्पर्धकाने वर्षातील आपले मुख्य लक्ष्य पौष-माघात ठेवावे. आश्विनात सौम्य सराव, कार्तिकात क्रमाने वाढ, मार्गशीर्ष-पौषात पूर्ण सराव, माघात शर्यत आणि फाल्गुनात निवृत्ती, हा क्रम आपल्या भूमीला आणि ऋतुचर्येला धरून आहे. नोव्हेंबरमधील शर्यती ज्यांचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे त्यांनी कराव्यात. नवख्याने त्या वर्षी केवळ अनुभव घ्यावा. स्पर्धांच्या संयोजकांनीही दीर्घ पल्ल्याच्या शर्यती जानेवारीकडे सरकवण्याचा विचार करावा. आपल्या संघटनांनी या विषयावर त्यांच्याशी संवाद साधल्यास तो अस्थानी ठरणार नाही.

अर्धशक्ती : कशाचे अर्धे?

वाग्भटाचार्यांनी बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा आणि इतर काळी त्याहून अल्प करावा, असे सांगितले आहे. या विधानात तीन अटी आहेत : व्यक्ती बलवान हवी, तिचा आहार स्निग्ध हवा आणि काळ अनुकूल हवा. आपण रुग्णाला केवळ तिसरी अट सांगतो आणि पहिल्या दोन विसरतो. रात्री साडेअकराला झोपून पहाटे साडेचारला उठणारा, वजन घटावे म्हणून तूप-तेल वर्ज्य केलेला सायकलस्वार या दोन्ही अटींत बसत नाही. त्याच्यासाठी हेमंतातही 'अर्ध' हे प्रमाण जास्तच ठरेल.

आता 'अर्ध' हे कसे मोजावयाचे? सुश्रुतसंहितेत हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजेच श्वास तोंडावाटे घ्यावा लागणे, हे अर्धबलाचे लक्षण दिले आहे. उत्तरकालीन ग्रंथांत कपाळ, नाक, काखा व सांधे यांच्या ठिकाणी घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे, ही लक्षणे येतात. यांचा अक्षरशः अर्थ घेतल्यास कोणत्याही सायकलस्वाराने पहिल्या चढावरच उतरून घरी परतावे लागेल. हे लक्षण व्यायाम थांबवण्याच्या वेळेचे आहे तसेच ते तीव्रतेचेही आहे, असे मानल्यास ते अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. ज्या गतीने नाकाने श्वास घेत, सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलत सायकल चालवता येते, ती गती अर्धशक्तीच्या आतील होय. वाक्य तुटू लागले, तोंड उघडावे लागले की मर्यादा ओलांडली.

या अन्वयार्थाला आधुनिक क्रीडाशास्त्राचाही अनपेक्षित पाठिंबा मिळतो. नॉर्वेमध्ये काम करणारे शरीरक्रियातज्ज्ञ स्टीफन सायलर यांनी दीर्घ पल्ल्याच्या उत्तम क्रीडापटूंच्या सरावाची पाहणी केली. हे क्रीडापटू सुमारे ८० टक्के सत्रे सौम्य तीव्रतेची आणि केवळ २० टक्क्यांच्या आसपास कठोर ठेवतात, असे त्यांना आढळले. हौशी माणूस याउलट वागतो. वेळ कमी असल्याने तो प्रत्येक दिवशी दमछाक होईपर्यंत सायकल हाणतो. परिणामी त्याचा सौम्य दिवस पुरेसा सौम्य राहत नाही आणि थकव्यामुळे कठोर दिवसही पुरेसा कठोर होत नाही. आपल्या आचार्यांची मर्यादा पाळणारा स्पर्धक शर्यतीत मागे पडतो, हा समज म्हणूनच निराधार आहे. वर्षभरातील बहुतांश दिवस अर्धशक्तीच्या आत राहतो, त्यालाच शर्यतीच्या दिवशी पूर्णशक्ती हाताशी सापडते.

अतिव्यायामाने श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर आणि छर्दी उत्पन्न होतात, हे चरकाचार्यांचे कथन आपणा सर्वांस ज्ञात आहे. वाग्भटाचार्यांनी व्यायामाच्या जोडीला जागरण, मार्गक्रमण आणि साहस यांच्या अतिरेकाची गणना करून, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे असा मनुष्य नाश पावतो, असे बजावले आहे. रात्रभर चालणाऱ्या चारशे किलोमीटरच्या फेरीत हे चारही हेतू एकत्र येतात. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्या १२.९ टक्के स्पर्धकांना श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे जाणवली. तयारी करूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते, अशी नोंद डेव्हिड नीमन यांनी केली. त्यामागील कारणमीमांसेविषयी पुढे संशोधकांत मतभेद झाले आहेत. तथापि थंडीत मोठ्या फेरीनंतर येणारा कास-प्रतिश्याय आपल्या नित्य परिचयाचा आहे.

मग किती?

नेमके उत्तर द्यावयाचे झाल्यास, आधी एक तुलना ध्यानी घ्यावी. व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला २० ते ३० तास सायकलवर असतो. उरलेला वेळ तो झोपतो, जेवतो आणि अंगमर्दन करवून घेतो, कारण तोच त्याचा व्यवसाय असतो. आपला रुग्ण आठ-नऊ तास कचेरीत आणि एक-दोन तास वाहतुकीत घालवून, घरची जबाबदारी निभावून सराव करतो. त्याने व्यावसायिकाच्या निम्मे तास भरले तरी त्याच्या शरीरावरील एकूण भार व्यावसायिकाहून कमी असेलच, असे नाही.

पूर्वीपासून काही सराव असलेल्या, निरोगी, नोकरदार व्यक्तीस हेमंत-शिशिरात आठवड्याला सहा ते दहा तास पुरेसे आहेत, असे आमचे मत आहे. उदाहरणार्थ, मंगळवार, बुधवार व गुरुवार प्रत्येकी एक तास, शनिवारी दीड तास आणि रविवारी साडेतीन तास, असा आठ तासांचा आठवडा होतो. या पाच सत्रांपैकी केवळ एक, समजा गुरुवारचे, कठोर असावे. सोमवार आणि शुक्रवार पूर्ण विश्रांतीचे. ज्या आठवड्यात शर्यत असेल, त्या आठवड्यातील कठोर सत्र ती शर्यतच समजावे. पाच दिवस काहीही न करता रविवारी एकदम शंभर-सव्वाशे किलोमीटर जाण्याची प्रथा सर्वांत अहितकर होय, कारण तीत अभ्यास नसतो, केवळ साहस असते.

वाढ करताना अंशाअंशाने, सात्म्य होईल अशा बेताने करावी, हा हित-अहित सेवनाच्या क्रमाविषयीचा चरकोक्त दंडक येथेही लागू करावा. तीन आठवडे किंचित वाढवून चौथ्या आठवड्यात भार उतरवावा. ऋत्संधीच्या पंधरवड्यात वाढ करूच नये. भार झेपतो की नाही, हे रुग्णाने रोज सकाळी स्वतः तपासावे : झोप गाढ लागली का, उठल्यावर उत्साह आहे का, भूक वेळेवर लागते का, मलप्रवृत्ती नित्याची आहे का आणि अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला पाच-दहा ठोक्यांनी वाढलेली नाही ना. यांतील दोन गोष्टी बिघडल्यास त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहू द्यावी. ज्वर असताना, छातीत कफ दाटलेला असताना किंवा अजीर्ण झालेले असताना सराव संपूर्ण वर्ज्य समजावा.

वारा, अन्न आणि अस्थी

हेमंतात काय टाळावे, हे सांगताना चरकाचार्य वातकर आणि लघू अन्नपान, प्रवात, प्रमिताहार आणि उदमंथ यांचा निषेध करतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा उपदेश जणू आजच लिहिला गेला आहे. हवा स्थिर असली तरी ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा मनुष्य तेवढ्याच वेगाचा वारा अंगावर घेत असतो. १० अंश तापमानात अशा वाऱ्याने साडेसहा अंशांच्या आसपास थंडी भासते. घाट चढताना भिजलेले अंग घेऊन तो वेगाने उतार उतरतो, तेव्हा शीत आणि रूक्ष या दोन्ही गुणांनी वायूचा प्रकोप न झाल्यास नवल. छाती, कान आणि गुडघे झाकणे, माथ्यावर थांबून कोरडे वस्त्र अंगात घालणे, निघण्यापूर्वी तिळाच्या कोमट तेलाचा अभ्यंग आणि परतल्यावर अंगमर्दन, हे साधे उपाय आवर्जून सांगावेत.

प्रमिताहाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. चढावर वजन कमी असलेला पुढे जातो, हे भौतिक सत्य असल्याने सायकलपटूंत कमी खाण्याची स्पर्धाच लागते. उपाशीपोटी दोन-तीन तास सायकल चालवून मेद जाळण्याची टूमही निघाली आहे. प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीची जी कारणे चरकसंहितेच्या विमानस्थानात येतात, त्यांत क्षुधिताने केलेल्या व्यायामाचा स्पष्ट उल्लेख आहे. हेमंतातील प्रदीप्त अग्नीला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूलाच ग्रासतो, हेही तेथेच सूत्रस्थानात सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये क्रीडापटूंतील सापेक्ष ऊर्जान्यूनतेची संकल्पना मांडली. पुरेशी ऊर्जा न मिळाल्याने स्त्रियांत आर्तव बिघडते, पुरुषांत वृष्य भाव उणावतो, अस्थी विरळ होतात आणि व्याधिक्षमत्व घटते, असे तिचे सार आहे. रसापासून शुक्रापर्यंतच्या धातुक्षयाचे हे वर्णन आपणास नवीन वाटू नये.

अस्थींचा उल्लेख मुद्दाम केला. सायकलवर देहाचा भार बैठक पेलते, त्यामुळे चालण्या-पळण्यात हाडांना जो आघात मिळतो तो येथे मिळत नाही. रस्त्यावरील स्पर्धक सायकलपटूंच्या कटिकशेरुकांची घनता कमी आढळते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. वायू आणि अस्थी यांचा आश्रय-आश्रयी संबंध जाणणाऱ्या वैद्याने अशा रुग्णास आठवड्यातून दोन दिवस बैठका, जिने चढणे किंवा वजन उचलण्याचा व्यायाम अवश्य सांगावा. हे दिवस सायकलच्या तासांतून वजा करावेत, त्यांत मिळवू नयेत.

आहाराच्या बाबतीत आपल्या घरांतील हिवाळी स्वयंपाक परदेशी पुड्यांहून सरस आहे. लोण्यासह बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गूळ-तूप-पोळी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, उडदाचे पदार्थ, दूध हे सारे या ऋतूला विहित आहे. बाजरी रूक्ष असल्याने तिला लोण्याची जोड दिली जाते, हे शहाणपण आपल्या आजीला ग्रंथ न वाचता अवगत होते. निघण्यापूर्वी खजूर किंवा तूप घातलेली पेज घ्यावी, वाटेत दर तासाला थोडे खावे आणि थंडीत तहान जाणवत नसली तरी कोमट पाणी घोटघोट घेत राहावे.

सरावाच्या वेळेचाही विचार व्हावा. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सात वाजल्यानंतर होतो. त्याआधी शहरांतील धूर आणि धूळ थंड हवेच्या थराखाली जमिनीलगत कोंडलेली असते आणि दीर्घ श्वासांबरोबर ती फुप्फुसांत जाते. शिवाय पश्चिम महाराष्ट्रात हा उसाच्या गळिताचा हंगाम असतो. मागे दिवा नसलेल्या, उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात रस्त्यावर असतात. एक तासाचा आठवड्यातील सराव घरातील स्थिर यंत्रावर, खिडकी उघडी ठेवून करावा आणि रविवारची फेरी उजाडल्यावर सुरू करावी. वैद्याने हे सांगण्यात कमीपणा नाही. अपघात टाळणे हाही स्वस्थवृत्ताचाच भाग आहे.

औषध देणाऱ्याचे दायित्व

अखेरचा मुद्दा थेट आपल्या लेखणीशी निगडित आहे. शर्यतीत उतरणारा हौशी खेळाडूही उत्तेजकविरोधी नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. आपल्या देशात २०२२ मध्ये यासंबंधीचा स्वतंत्र कायदा संमत झाला. नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडल्यास, ते कोणत्या हेतूने घेतले याचा विचार नंतर होतो. उत्तरदायित्व प्रथम खेळाडूचे असते. 'डॉक्टरांनी दिले होते' किंवा 'आयुर्वेदिक होते' या सबबी त्याला तारत नाहीत.

कुपीलूतील स्ट्रिक्नीन हे जागतिक यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध उत्तेजक आहे. म्हणजे थंडीतील सांधेदुखीसाठी दिलेली विषतिंदुक वटी किंवा मंदाग्नीसाठी दिलेली अग्नितुंडी वटी खेळाडूला अडचणीत आणू शकते. सोमलतेच्या कुळातील वनस्पतींत एफेड्रिन असते आणि मूत्रात त्याचे प्रमाण मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक झाल्यास ते स्पर्धाकाळात निषिद्ध ठरते. भांग असलेले जातीफलादी चूर्णासारखे कल्पही स्पर्धाकाळात धोक्याचे. हिजेनामाइन हे द्रव्य २०१७ पासून यादीत नावानिशी असून ते सर्वकाळ निषिद्ध आहे. वत्सनाभाच्या कुळातील काही वनस्पतींत ते आढळले आहे. ही यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, म्हणजे नेमकी आपल्या शर्यतींच्या ऐन हंगामात. हिवाळी पडशासाठी सहज हाती येणारे वत्सनाभयुक्त कल्प अशा रुग्णास शहानिशा केल्याविना देऊ नयेत. प्रत्येक सायकलस्वारास 'आपण शर्यतीत उतरता का आणि केव्हा?' हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर नोंदवण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्याचप्रमाणे घटक न छापलेली 'शक्तिवर्धक' चूर्णे कोणाच्याही हाती ठेवू नयेत. एका खेळाडूची बंदी ही केवळ त्याची हानी नसते. आयुर्वेदीय औषधांवरील विश्वासालाही त्यामुळे तडा जातो.

रसायनांचे स्थान याच संदर्भात स्पष्ट केले पाहिजे. च्यवनप्राश, आमलकी, दूध-तूप यांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु झोप आणि अन्न यांची उणीव भरून काढण्यासाठी रसायन मागणाऱ्यास ते देणे म्हणजे भोके बुजवल्याविना घागर भरण्यासारखे होय. आधी निदानपरिवर्जन, मग रसायन, हा क्रम खेळाडूंसाठी बदलण्याचे कारण नाही.

सारांश, 'थंडीत किती सायकल चालवावी?' या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात संपत नाही, तथापि आकडा टाळूनही चालणार नाही. रुग्णाला सहा ते दहा तास सांगावेत आणि त्याबरोबरच त्याच्या झोपेचे तास, ताटातील तूप, श्वासाची जाण आणि ऋतूचा क्रम यांचा हिशेब मांडून द्यावा. व्यायामाविषयी इतके सूक्ष्म, व्यक्तिसापेक्ष आणि ऋतुसापेक्ष चिंतन आपल्या ग्रंथांत उपलब्ध असताना, आपण केवळ 'चालवा' किंवा 'बंद करा' एवढेच सांगणे हे त्या ग्रंथांवर अन्यायकारक आहे. येत्या हेमंतात आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला पाच मिनिटे अधिक द्यावीत आणि आपले अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे. विविध प्रकृतींच्या आणि विविध प्रदेशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र आल्या, तरच अर्धशक्तीचे माप आपल्या काळासाठी अधिक नेमकेपणाने सांगता येईल.